मूळ, भिंत, नमुना

६ जून

प्रिय ताई,

फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं, म्हणून हे पत्र. आई गेल्यापासून मध्ये पडायलाही कोणी उरलं नाही. पत्रात निदान तुला माझं बोलणं तोडता येणार नाही.

बातमी अशी की थोरले मास्तर एकदाचे निवृत्त झाले आणि तुझा भाऊ रंगखात्याचा शेडमास्तर झाला. म्हणजे नक्की काय, हे तू दर वेळी विचारतेस आणि दर वेळी विसरतेस, तेव्हा पुन्हा सांगतो. गिऱ्हाईक कापडाचा एक तुकडा आणून टाकतं आणि म्हणतं, अगदी असाच रंग हवा. आमचे लोक रंग कालवून नमुना काढतात. तो त्या तुकड्यासारखा आहे का, नसला तर काय कमी पडलं आणि काय जास्त झालं, हे मी डोळ्यांनी सांगायचं. मी ‘हो’ म्हटलं की हौद भरतो. चुकीचा ‘हो’ गेला की अख्खं कापड बोंबललं.

पद्धत थोरल्या मास्तरांचीच. आधी मूळ तुकडा बघायचा आणि झाकून ठेवायचा. मग नमुना वाळून येईपर्यंत समोरच्या भिंतीकडे बघत बसायचं. मग नमुना बघून फटकन बोलायचं. दोन्ही तुकडे शेजारी शेजारी कधी ठेवायचे नाहीत. म्हातारा म्हणायचा, “वाईट शेजारानं माणूस बिघडतो, रंग तर केव्हाच बिघडतो.” मूळ, भिंत, नमुना. चौदा वर्षं हेच ऐकत त्यांच्या हाताखाली घासलो.

खोलीची कळा मात्र मी आल्या आल्या बदलली. ती राखाडी भिंत तुला आठवते ना? सुतकी. मी तिला छान फिकट पिवळा रंग दिला, अगदी लोण्यासारखा. शेड मीच काढली, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. वर दोन मोठे दिवे तिच्यावर सोडले. मालक आत आले आणि म्हणाले, “आता कशी माणसांची खोली वाटते!” गिऱ्हाइकांनाही आवडते.

ही विचारते, तुमची ताई डोळ्याच्या पडद्याला तारा लावून नक्की काय ऐकते? मी म्हटलं, देव जाणे. तूच सांग, पण माणसांच्या भाषेत.

तुझा,
ढब्बू


१९ जून

प्रिय ढब्बू,

अभिनंदन! लहानपणी माझे सगळे खडू तू तोडलेस, त्याचं शेवटी चीज झालं म्हणायचं. भिंतीचं फार बरं केलंस. आले होते तेव्हा त्या खोलीत मला गुदमरायला झालं होतं.

आता तुझ्या बायकोसाठी, माणसांच्या भाषेत. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर उजेड टिपणाऱ्या पेशी असतात. त्यातल्या रंगाच्या कामाच्या त्या शंकूपेशी. त्यांचे तीन प्रकार. गंमत अशी की एकट्या शंकूपेशीला रंग कळतच नाही. आपल्यावर उजेड किती पडला, एवढंच तिला सांगता येतं. तिच्यामागे ज्या पेशी बसलेल्या असतात त्या चुगल्या ऐकतात आणि तुलना करतात. लाल की हिरवं? निळं की पिवळं? मी ज्या पेशीला तार लावते ती निळ्यावर बडबडते आणि पिवळ्यावर तोंड मिटते. पिवळ्याकडे फार वेळ बघितलंस तर पिवळ्याची बाजू थकते, आणि मग साधं पांढरं दाखवलं तरी ही बाई निळं निळं म्हणून ओरडायला लागते. खारीच्या डोळ्याच्या पडद्यावर मी हे रोज करते. स्पीकरवर त्याचा आवाज तेलात मोहरी तडतडावी तसा येतो.

आणि एक सांगते, ते मला स्वतःला अजून नवल वाटतं. या उजेड टिपणाऱ्या पेशी अंधारात अखंड बोलत असतात. उजेड पडला की गप्प होतात. पुढची पेशी त्यांच्या गप्प बसण्यावरूनच ओळखते की उजेड आला. आपले बाबा नव्हते का तसे? आरडाओरडा चालू असायचा तोवर घरात सगळं ठीक असायचं. गप्प झाले की आई म्हणायची, यांना काहीतरी कळलंय.

पत्र लिहीत जा. तुझं अक्षर अजून मुंग्या पळाल्यासारखंच आहे.

तुझी,
ताई


२ ऑगस्ट

प्रिय ताई,

हे कोणाला सांगू नकोस. माझ्या हातचे लॉट परत यायला लागले आहेत. आधी पडद्याचं पांढुरकं कापड आलं, मग गणवेशाचं फिकट निळं, आणि काल पुन्हा एक. सगळ्यांची तक्रार एकच: पिवळट आहे.

मी आधी गिऱ्हाइकालाच खोटं पाडलं. मग परत आलेलं कापड आणि मूळ तुकडा घेऊन अंगणात उन्हात गेलो, म्हाताऱ्याचा नियम मोडून दोन्ही शेजारी ठेवले, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. पिवळट होतं, ताई. मलाही स्वच्छ दिसत होतं. आणि खोलीत बसून हाच नमुना बघून मीच म्हटलं होतं, निळा जास्त झालाय, थोडं पिवळं वाढवा. मीच वाढवायला लावलं होतं!

आणखी एक. भिंतीवरची नजर काढून वहीच्या कागदाकडे बघितलं की कागद निळसर वाटतो. थोड्या वेळानं जातं ते. संध्याकाळी बाहेर पडलो की उजेड डोळ्यांना टोचतो. हौदावरचे लोक माझ्या पाठीमागे हसतात, आणि परवा एकानं तर दोन बोटं नाचवून विचारलं, मास्तर, किती? मीही हसलो.

हे काय आहे? तुझ्या विषयातलं आहे म्हणून तुला विचारतो.

ढब्बू


११ ऑगस्ट

प्रिय ढब्बू,

तुझं पत्र वाचलं आणि मला मामा आठवला.

तू लहान होतास. मामा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. चाळिशीच्या सुमारास त्याचे रंग चुकायला लागले आणि उजेड टोचायला लागला. लोक म्हणाले, पितो. तो पीत नव्हता. शेवटी दिवसासुद्धा पडदे ओढून आतल्या खोलीत बसायचा आणि आई त्याच्यासाठी रडायची. तुला वाटायचं, मामा लपाछपी खेळतोय.

त्या आजारात शंकूपेशी हळूहळू मरतात. तो आईकडून मुलाकडे येतो. आई स्वतः ठणठणीत असते. तूही आता त्याच वयाचा आहेस. गेली पाच वर्षं आमची प्रयोगशाळा याच आजारावर काम करते आहे, म्हणून मला तुझी लक्षणं एका ओळीत दिसली. उन्हात तुला नीट दिसलं यावर जाऊ नकोस. सुरुवातीला असं कधी दिसतं, कधी दिसत नाही.

घाबरू नकोस. आजपासून काळा चष्मा वापर. डोळ्यांच्या इस्पितळात नंबर लाव. आणि यासोबत एक बाटली आणि खोका पाठवते आहे, त्यात तुझं रक्त काढून पाठव. मामाचं राहूनच गेलं. तुझं मिळालं तर नेमकं काय आणि कुठे बिघडलंय हे तरी कळेल. याचा पुढे किती जणांना उपयोग होईल!

ताई


२० ऑगस्ट

ताई,

घाबरू नकोस असं लिहून तू मला जन्माचं घाबरवलंस.

रात्री डोळे मिटले की मामाची आतली खोली दिसते. दिवसा मुलीचे रंगीत खडू घेऊन बसतो, कागद काढलेले, आणि एकेकाचं नाव सांगतो. सगळे बरोबर येतात. तरी वाटतं, मुलगी बापाची कीव येऊन खोटंच ‘बरोबर’ म्हणतेय. हिला अजून पुरतं सांगितलं नाही. काळा चष्मा घालून कामावर गेलो तर मालक म्हणाले, “काय मास्तर, सिनेमात काम मिळालं का?” आत गेल्यावर काढून ठेवला. चष्मा लावून शेड कशी बघणार?

इस्पितळाचा नंबर सप्टेंबरच्या मध्यावर आहे. मालकांनी अजून तोंडावर काही म्हटलं नाही, पण त्यांचा जावई हल्ली माझ्या खोलीत येऊन खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा राहतो. आज पाठ माझी आहे, उद्या खुर्ची कुणाची, हे मला कळतं.

एक काम कर. तुझ्या प्रयोगशाळेच्या कागदावर मालकांना दोन ओळी लिही, की भावाच्या डोळ्यांची तपासणी चालू आहे, काळजीचं कारण नाही, तोवर त्याला सांभाळून घ्या. तुझ्या नावामागचं ‘डॉक्टर’ बघून तो माणूस उभा राहतो. तू कसली डॉक्टर हे त्याला काय कळतंय? तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. एवढंच मागतो. माझ्या हातात दुसरी कला नाही, ताई. या दोन डोळ्यांवरच मी मास्तर आहे.

तुझा,
ढब्बू


२८ ऑगस्ट

प्रिय ढब्बू,

खोटं मला लिहिता येणार नाही. काळजीचं कारण आहे, आणि नाही असं मी माझ्या सहीनं कसं लिहू?

पण तुझ्या मालकांना मी पत्र लिहिलं आहे, खरं ते लिहिलं आहे. आपल्या घराण्यात हा आजार असल्याची दाट शंका आहे, तेव्हा निदान होईपर्यंत तुला त्या मोठ्या दिव्यांसमोर बसवू नये आणि रंगाचा निर्णय तुझ्यावर टाकू नये. पगार न कापता दुसरं हलकं काम द्यावं. मालक भला माणूस आहे, समजून घेईल.

तू रागावशील, मला माहीत आहे. पण डोळे राहिले तर राग काढायला मी आहेच. ते दिवे तुझ्या उरल्यासुरल्या शंकूपेशी जाळून टाकतील आणि मी इथे बसून बघत राहीन, हे माझ्याच्यानं होणार नाही.

बाटली अजून पोचली नाही. रक्त काढून दोन दिवस बाहेर राहिलं तर उपयोगाचं राहत नाही, तेव्हा काढल्या दिवशीच पाठव.

ताई


३० सप्टेंबर

ताई,

मालक खरोखरच भला माणूस निघाला. सगळं समजून घेतलं. तुझं पत्र त्यांनी हौदावरच्या लोकांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं, म्हणजे यापुढे माझी कोणी थट्टा करणार नाही. त्यांचा आवाज मध्येच भरून आला होता. दुपारपर्यंत मी गोदामात होतो. तिथं गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या असतात. चिठ्ठ्या सगळ्या पांढऱ्या. पगार कापला नाही, तुझ्या शब्दाला मान आहे. खुर्चीवर जावई बसला. त्याला मूळ, भिंत, नमुना मीच शिकवलं. शिकवताना तो माझा हात धरून मला उंबरा ओलांडायला मदत करत होता.

मग इस्पितळात माझा नंबर लागला. डोळ्यांत औषध घातलं, अंधारात बसवलं, उजेड मारला, ठिपक्यांतले आकडे वाचायला लावले, बुबुळाला तार लावून पडद्याचे ठोकेसुद्धा काढले, तुझ्यासारखेच. रिपोर्टची नक्कल सोबत आहे. तुला वाचता येईल, पण डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते सांगतो. त्या म्हणाल्या, “या वयात एवढ्या शाबूत शंकूपेशी मी फार कमी बघते. तुम्हाला इकडे पाठवलं कोणी?”

मी म्हटलं, बहिणीनं.

रिपोर्ट घेऊन धावत मालकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून तो उलटासुलटा बघितला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “मास्तर, हे परके लोक दहा मिनिटं बघतात. तुमची सख्खी बहीण, त्या विषयातली एवढी मोठी, ती का तुमच्या वाईटावर आहे?”

रिपोर्टची घडी करून खिशात घातली आणि गोदामात परत गेलो.

हिला आता सगळं कळलं आहे, आणि ती मुलीच्या डोळ्यांकडे बघून रडते. तुझ्या बाटलीत मुलीनं पेन्सिली ठेवल्या आहेत. रक्ताचं म्हणशील तर ते मला इथंच लागतंय.

तुझा भाऊ


१२ ऑक्टोबर

प्रिय ढब्बू,

रिपोर्ट वाचला. चांगला आहे. पण एका तपासणीवर विसंबू नये. काही घराण्यांत हा आजार आधी लक्षणांत दिसतो आणि तपासणीत मागाहून सापडतो. सहा महिन्यांनी पुन्हा करू. लॉट परत आले हे तर खरं आहे ना? कागद निळसर दिसत होता हे तूच लिहिलं होतंस, मी नाही. निरोगी डोळा विनाकारण असं करत नाही.

मला शत्रू समजायचं तर समज. मी तुझ्या भल्यासाठीच केलं.

ताई


५ डिसेंबर

प्रिय ढब्बू,

तू उत्तर दिलं नाहीस. मधे एक पत्र आणि दोन फोन झाले, तेही वाया गेले. पण हे पत्र टाकून देऊ नकोस, कारण मला सापडलं!

आज नेहमीचाच प्रयोग करत होते. पडद्यावर बराच वेळ पिवळा उजेड सोडला, मग एकदम पांढरा. तार लावलेली पेशी तडतडायला लागली: निळं, निळं, निळं. रोजचंच आहे. पण आज त्या आवाजात मला तुझी भिंत ऐकू आली.

तुझे डोळे उत्तम आहेत. बिघडली होती ती भिंत. तू मूळ तुकडा ताज्या डोळ्यांनी बघायचास आणि मग नमुना वाळेपर्यंत त्या लोणी रंगाकडे बघत बसायचास, वरून दोन मोठे दिवे. पिवळ्याची बाजू थकायची. मग नमुना समोर आला की तो होता त्यापेक्षा निळसर दिसायचा आणि तू पिवळं वाढवायला सांगायचास. उन्हात गेलास, डोळे सावरले, की खरं दिसायचं. कागद निळसर दिसायचा तोही यानंच. उजेड टोचायचा तो त्या दिव्यांनी थकून. थोरल्या मास्तरांची भिंत राखाडी होती, म्हणजे कुठल्याच बाजूला न थकवणारी. त्यांना हे कारण ठाऊक होतं की भिंत त्यांना तशीच मिळाली होती, कोण जाणे. पण दोन बघण्यांच्या मधे डोळा कोरा करून घेण्याची ती जागा होती, आणि तिलाच रंग लागला. इतकं सोपं आहे! जूनमध्ये मी स्वतःच हे तुला लिहिलं होतं, मोहरी तडतडण्यासकट. दोन्ही पत्रं शेजारी ठेवली तर पोरसुद्धा ओळखेल.

माझं चुकलंच. मामा डोक्यात बसला होता.

आता असं कर. भिंत राखाडी करून घे, मालकांसमोर एक नमुना जुळवून दाखव, मग पिवळा कापडाचा पडदा लावून तोच पुन्हा जुळवून दाखव. डोळ्यांदेखत सिद्ध होईल. मी मालकांना सविस्तर पत्र लिहिते, आकृत्यांसह. या वेळी आधी तुला विचारते आहे. लिहू ना?

तुझीच,
ताई


२८ डिसेंबर

ताई,

लिहू नकोस.

भिंत कधीच राखाडी झाली आहे. पिवळ्यावर हाताचे डाग दिसतात म्हणून जावयानं त्याच्या घरच्या दिवाणखान्याचा उरलेला राखाडी रंग आणून फासला. त्याला ना तुझी शंकूपेशी माहीत, ना म्हाताऱ्याची अक्कल. तेव्हापासून एकही लॉट परत आलेला नाही. सगळे म्हणतात, बघा, मास्तरांचे डोळे गेले होते हेच खरं. ते उठले आणि खातं सुरळीत झालं.

तुझं पत्र वाचून मी मालकांकडे निघालो होतो. जिन्यापर्यंत गेलो. तिथं मनातल्या मनात बोलून बघितलं: “साहेब, माझे डोळे चांगले आहेत. भिंतीनं घोटाळा केला.” मग मालक विचारणार, भिंत पिवळी कोणी केली? मी. शेड कोणी काढली? मी, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. चौदा वर्षं ज्या भिंतीकडे बघून शिकलो ती कशासाठी आहे हे मला कळलं नव्हतं, असं सांगायचं होतं मला. जिन्यावरून परत फिरलो.

आजारी माणसाची लोक कीव करतात, ताई. मूर्खाला हाकलतात. गोदामात मला बसायला स्टूल आहे, पगार आहे, आणि दुपारी कोणीतरी आपणहून पाणी आणून देतं. हे सगळं तुझ्या पहिल्या पत्रामुळे मिळालं आहे. दुसरं लिहिलंस तर हेही जाईल.

म्हणून मी आता काळा चष्मा लावतो. गोदामात लावतो, रस्त्यात लावतो, घरीसुद्धा कोणी आलं की लावतो. उंबरा आला की थोडा अडखळतो, आता सवय झाली आहे. संध्याकाळी सगळे गेले की मागच्या अंगणात वाळत घातलेली कापडं असतात. तिथं जाऊन चष्मा काढतो. परवा तिथं जावयानं काढलेलं फिकट निळं होतं. लाल नखभर जास्त पडलंय त्यात. गिऱ्हाइकाला दिसणार नाही, जावयालाही दिसलं नाही. मला दिसलं. थोडा वेळ बघितलं आणि चष्मा लावला.

तू शोधून काढलंस ते बरोबर आहे, त्यात शंका नाही. तुझा शोध नेहमीच बरोबर असतो, फक्त माझं सगळं होऊन गेल्यावर लागतो. रागावलो होतो तोवर मी तुला मनातल्या मनात रोज पत्र लिहीत होतो. आजारी आहे असं वाटत होतं तोवर देवाशी बोलत होतो, मामाशी बोलत होतो. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून ते सगळं बंद झालं आहे.

तूच लिहिलं होतंस ना, त्या पेशी अंधारात बोलतात आणि उजेड पडला की गप्प होतात? माझ्यावर आता लख्ख उजेड पडला आहे. यापुढे माझं पत्र आलं नाही तर काय समजायचं, हे तुला सांगायला नको.